चर्चा: फास्ट चार्जरना सरकारी पैसा द्यायचा तर यंत्रावर द्यायचा की युनिटवर?

अंत्रुजकर
गेल्या महिन्यात बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावला गेलो होतो. गाडी इलेक्ट्रिक, बॅटरी ३० युनिटची. कागदावर काहीही लिहिलेलं असो, चालते दोनशे किलोमीटरच्या आसपास. परतताना चोर्ला घाट उतरून खाली गोव्यात आलो तेव्हा बॅटरी १२ टक्के. (उतारावर काटा एखादा टक्का वर चढतो. ते बघून आई दर वेळी म्हणते, "मग वर-खालीच करत राहूया की.") घर अजून पस्तीस-चाळीस किलोमीटर. ॲपवर एका पंपावरचा फास्ट चार्जर हिरवा दिसत होता, तिथे वळलो.

यंत्र होतं, दिवा लाल. पंपावरच्या पोराने लांबूनच सांगितलं, "तें बंद आसा. फोन करात." हेल्पलाइनवरच्या बाईंनी आधी चार्जरचा नंबर विचारला, मग राज्य विचारलं, मग "इंजिनिअर को बता दिया है." सव्वा तास गेला. आई मागच्या सीटवर साड्यांच्या पिशव्यांवर डोकं टेकून झोपली. शेवटी एक टॅक्सीवाला आला, त्याने यंत्राच्या कडेचं आणीबाणीचं लाल बटण उजवीकडे पिरगाळलं. टक् करून ते बाहेर आलं आणि यंत्र सुरू. कुणीतरी जाताजाता दाबून ठेवलं होतं, एवढंच.

आता मुद्दा. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत एकूण १०,९०० कोटी आहेत, त्यातले २,००० कोटी सार्वजनिक चार्जिंगला. त्यातून चारचाकींसाठी २२,१०० फास्ट चार्जर उभे करायचे. त्याआधी मार्च २०२३ मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ स्टेशनांसाठी ८०० कोटी मंजूर झाले होते. जाहिरातीत आकडा येतो तो यंत्रांचा. त्यातलं एखादं वर्षात किती दिवस चालू होतं, हे गिऱ्हाईकाला तिथे पोचल्यावरच कळतं.

सरकारने पैसा द्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बसवल्याबद्दल थोडा द्या, उरलेला पाच वर्षं महिन्याच्या महिन्याला, विकलेल्या युनिटवर. यंत्र बंद तर हप्ता बंद. मग बघा ते लाल बटण कोण सव्वा तास दाबलेलं ठेवतो.

पेडणेकार
बाब, तुमच्या आईला त्रास झाला याचं वाईट वाटतं, पण पंधरा-वीस लाखांची गाडी घेणाऱ्याला तीच गाडी भरायला माझ्या करातून पैसा कशाला? आमच्या वाड्यावर संध्याकाळी साडेसातनंतर बस नाही. पोरगी म्हापशाहून क्लास सुटला की अर्ध्यावर उतरते, मी स्कूटर घेऊन आणायला जातो. सरकारी कदंब महामंडळाच्या इलेक्ट्रिक बसेस आल्या, चांगल्याच आहेत, आवाज नाही, धूर नाही. त्या वाढवा. एका बसमध्ये चाळीस माणसं जातात. तुमच्या गाडीत दोघं आणि साड्या.

आणि गोव्यात चार्जरची एवढी ओरड का, हेच मला कळत नाही. आपल्याकडे घराला अंगण असतं. पडवीतून वायर काढा, रात्रभर लावा, सकाळी गाडी भरलेली. वर्षातून चार वेळा बेळगाव-कोल्हापूर करायचं तर त्या दिवशी भावाची पेट्रोलची न्या.

वास्कोची भाडेकरू
अंगण! पेडणेकार, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गाडी खाली रस्त्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. सोसायटीकडे पार्किंगमध्ये पॉइंट मागितला तर सेक्रेटरी म्हणाले, आधी सगळ्यांची ना हरकत आणा, आणि तुम्ही भाडेकरू आहात ना? विषय संपला.

घरच्या विजेवर जीएसटी नाही. सार्वजनिक चार्जरवर १८ टक्के. गाडीवर मात्र ५ टक्के. म्हणजे ज्याला अंगण आहे त्याला घरगुती दर, आणि ज्याला नाही त्याने महाग वीज घेऊन वर कर भरायचा. तुम्ही म्हणता श्रीमंतांचे लाड. माझी गाडी सेकंडहँड आहे, हप्त्यावर घेतलीय, आणि पंपावरचा चार्जर हेच माझं अंगण.

पेडणेकार
१८ टक्क्यांचा मुद्दा मान्य. तो कर काढा म्हणा, मी सही करतो. पण कर काढणं वेगळं आणि अनुदान देणं वेगळं. पेट्रोलपंप काढायला सरकारने कुणाला पैसे दिले होते?

अंत्रुजकर
पंप काढणाऱ्या कंपन्याच कितीतरी वर्षं सरकारच्या होत्या, तिन्ही अजून आहेत. त्यांनी गावोगाव पंप नेले ते काय नुसत्या नफ्याच्या हिशोबाने?

निवृत्त वायरमन
वीज खात्यात तीस वर्षं काढली म्हणून दोन शब्द. इथे सगळे यंत्रावर भांडताहेत. यंत्र हा सोपा भाग आहे, ट्रकमधून येतं आणि चार बोल्टांवर बसतं. ६० किलोवॉटचा एक चार्जर म्हणजे दीड किलोवॉटचे चाळीस एसी एकदम सुरू करणं. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर तो टाकला तर संध्याकाळी अख्ख्या वाड्याचे पंखे मंद होतील आणि शिव्या लाइनमनला. त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा, ११ केव्हीची लाइन हवी, ती काजूच्या बागांतून ओढायची तर दर पावसाळ्यात फांद्या तोडायला माणसं हवीत.

तेव्हा सरकारचा पैसा जायचा असेल तर तो लाइनीत जावा. यंत्रवाला उद्या धंदा गुंडाळून गेला तरी लाइन गावात राहते. तिच्यावर पिठाची गिरण चालेल, नळपाण्याचा पंप चालेल. यंत्र खासगीवाल्याने स्वतःच्या पैशाने बसवावं.

दुसरं, किनाऱ्यालगत खारा वारा. गनच्या, म्हणजे गाडीत खुपसायच्या प्लगच्या, पितळी पिना हिरव्या पडतात. पॅनेलमध्ये पाली शिरतात, त्यांच्या मागून मुंग्या. मी स्वतः एका पॅनेलमधून तीन पाली काढल्यात, दोन भाजलेल्या. असल्या गोष्टी कुठल्या टेंडरमध्ये लिहिलेल्या नसतात.

जाता जाता, चोर्ल्याची उंची आठशे मीटरच्या आसपास. माणसांसकट सोळाशे किलोची गाडी साडेसातशे मीटर उचलायची तर नुसतं उचलायलाच सव्वातीन युनिट जातात, अंतराचे वेगळे. अंत्रुजकरांनी जाताना हा हिशोब केला नसावा.

अंत्रुजकर
नव्हता केला. आता पाठ झाला.

रेंट-अ-कॅबवाला, कळंगुट
मुख्यमंत्री सावंतांनी २०२३ मध्ये जाहीर केलं होतं की जानेवारी २०२४ पासून नव्या पर्यटक गाड्या, भाड्याच्या मोटारी आणि दुचाकी धरून, इलेक्ट्रिकच असतील. आम्ही काही जणांनी ऐकून आधीच दोन-दोन घेतल्या. आता दिल्लीचं गिऱ्हाईक रात्री अकराला पाळोळेहून फोन करतं, "भैया, आठ पर्सेंट है, क्या करें?" त्याला मी काय सांगू? हॉटेलवाल्याकडे पंधरा अँपिअरचा सॉकेट माग, सकाळपर्यंत कळंगुटला येण्यापुरतं भरेल. तो परत गेल्यावर एक स्टार देतो, आणि तो स्टार चार्जरला मिळत नाही, मला मिळतो.

पण अंत्रुजकर, तुमच्या युनिटवर पैसे देण्यात एक खोट आहे. ६० किलोवॉटचं यंत्र दिवसभर चाललं तर १,४४० युनिट विकू शकतं. जुलैच्या पावसात घाटाखाली दिवसाला तीन गाड्या आल्या, वीस-वीस युनिट घेतले, तर झाले साठ. चार टक्के. एवढ्यावर तिथे कोण येईल? सगळे कळंगुट-बागाला गर्दी करतील, डिसेंबरात कमावतील आणि सरकारचा हप्ताही तेच खातील. तुमचा घाट होता तिथेच.

अंत्रुजकर
हा विचार मी केला नव्हता, कबूल. मग घाटात, काणकोणात, मोल्याला पैसा युनिटवर नको, चालू राहिल्यावर द्या. गाडी येवो न येवो, यंत्र तयार होतं का? ब्रिटनने असं केलंय. नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्या रॅपिड चार्जरांचं जाळं वर्षाला सरासरी ९९ टक्के वेळ चालू पाहिजे, नाहीतर यंत्रामागे १०,००० पौंडांपर्यंत दंड. युरोपात एप्रिल २०२४ नंतर बसवलेल्या फास्ट चार्जरला साधं बँकेचं कार्ड चाललंच पाहिजे. आपल्याकडे सात ॲप, सात वॉलेट, प्रत्येकात अडकलेले दीडशे रुपये. भाजीवाली यूपीआय घेते, चार्जर घेत नाही.

पेडणेकार
आता नॉर्वे काढा. अजून कसा निघाला नाही?

वास्कोची भाडेकरू
काढते. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक. सुरुवातीला मुख्य रस्त्यांवर दर ५० किलोमीटरला चार्जर व्हावा म्हणून सरकारनेच पैसा दिला होता.

पेडणेकार
तो पैसा जगाला तेल विकून आला. आपल्याकडे काय विकायचं, फेणी?

निवृत्त वायरमन
केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना वाचा. शहरात एक किलोमीटर बाय एक किलोमीटरच्या चौकोनात एक स्टेशन, महामार्गावर दर २० किलोमीटरला दोन्ही बाजूंना. गोव्याच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, पत्रादेवी ते पोळे, सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे बाजूला सात, एकूण चौदा. हे काही चंद्रावर जाणं नव्हे.

त्याच सूचनांत दर असा आहे: एक युनिट पुरवायला वीजवाल्यांना सरासरी जो खर्च येतो, सकाळी ९ ते दुपारी ४ त्याच्या ०.७ पट, बाकी वेळ १.३ पट. हेतू चांगला, दिवसा सौरऊर्जा असते तेव्हा भरा. पण कॅबवाल्याची गाडी दिवसा फिरते आणि रात्री भरायला येते. त्याला महागच पडणार. आणि गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते, हे विसरू नका. नवी ४०० केव्हीची लाइन मोल्याच्या रानातून नेण्यावरून २०२० साली काय रण पेटलं ते आठवा. झाडं नकोत तोडायला, लाइन नको दारातून, आणि चार्जर मात्र दर वळणावर हवा.

पेडणेकार
हेच तर म्हणतोय. रान कापून वीज आणायची ती बसला तरी द्या.

अंत्रुजकर
बसला द्या की. बसच्या डेपोत जी लाइन येईल तिच्यावर बाहेरच्या बाजूला दोन गन लावा. रात्री बस भरतात, दिवसा आम्ही भरू. वायरमनसाहेब, चालेल का हे?

निवृत्त वायरमन
तांत्रिकदृष्ट्या चालेल. मीटर वेगळा घ्यावा लागेल. आणि डेपोचं फाटक सहाला बंद करणाऱ्या वॉचमनचं काय करायचं, ते तुम्ही बघा.

रेंट-अ-कॅबवाला, कळंगुट
वॉचमनलाच पगार वाढवून द्या. माझ्या मते सगळ्या योजनेत तोच एक माणूस कमी आहे. यंत्राजवळ बसणारा, लाल बटण फिरवणारा, गाडी भरल्यावर तिथेच लावून जेवायला गेलेल्याला हाक मारणारा. ८० टक्क्यांनंतर वेग घटतो, तरी लोक शंभरसाठी बसून राहतात आणि मागे तिघे रांगेत. २,००० कोटींत एका स्टुलाचे पैसे नाहीत?

पेडणेकार
माझं मत बदललेलं नाही. पण एक विचारायचं होतं. चवथीला मेव्हणा पुण्याहून येतोय, त्याने यंदा इलेक्ट्रिक घेतलीय, आणि बायको म्हणते त्याला रस्ता तूच सांग. आंबोलीने यावं की चोर्ल्याने?

निवृत्त वायरमन
आंबोलीने येऊ दे, पेडण्याला तेच जवळ. सावंतवाडीत शिरण्याआधी फोन करून चार्जर चालू आहे का विचारायला सांगा, ॲपवर विश्वास ठेवू नये. आणि लाल बटण कुठल्या बाजूला फिरवायचं तेही सांगून ठेवा.