मदत हवी आहे: बैठकीत मनाचा विषय कसा काढायचा?

नमस्कार ताई-दादा. मी यवतमाळ जिल्ह्यातली अंगणवाडी सेविका. सप्टेंबरात पोषण माह, गावात बैठका घ्यायच्या आहेत. आहाराचं जमते. फवारणीच्या रिकाम्या डब्यात डाळ-तेल भरू नका, हेही 2017 मध्ये फवारणी करताना शेतकऱ्यांना झालेल्या विषबाधेनंतर बाया ऐकतात. (तरी एकीनं तसाच डबा धुऊन त्यात लिंबाचं लोणचं आणलं, मलाच चाखायला!)

अडते ते मनापाशी. विषय काढला की "आम्ही का पागल आहो का?" म्हणून उठतात. टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर भिंतीवर लिहिला, कोणी लावत नाही. नापिकीनं नवऱ्याची झोप उडालेल्या बाईशी तुम्ही बोलायला सुरुवात कशी करता? वऱ्हाडीत एखादं नाटुकलं असेल तर पाठवा. अन् पुरुषांना बैठकीत बसवता कसं?