आगमनकाळाची माळ आणि स्वयंसेवकांचे आभार

प्रश्न : वसईतल्या आमच्या चर्चमध्ये आगमनकाळाची, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाची, तयारी चालू आहे. पहिला रविवार २९ नोव्हेंबर २०२६. फादरांना स्वयंसेवकांचे आभारही मानायचेत. ते कधी मानावेत? मेणबत्त्यांची गोल माळ कशी बांधावी?

उत्तर १ : सुरूच्या हिरव्या फांद्या तारेच्या कड्यावर बांधा आणि दर आठवड्याला बदला, वाळलेला सुरू भुर्रकन पेटतो. मेणबत्त्या तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवत पेटवायच्या, गुलाबी तिसऱ्या रविवारी, १३ डिसेंबरला. पहिली चारही आठवडे जळते, म्हणून जाडच घ्या. जवळ पंखा नको, मेण एकाच बाजूने ओघळतं.

उत्तर २ : आभार आगमनकाळाच्या आदल्या रविवारी, ख्रिस्तराजाच्या सणाला, २२ नोव्हेंबरला, मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) शेवटी सूचनांच्या वेळी. झाडलोट करणाऱ्यांपासून सगळ्यांची नावं आधी लिहून घ्या. एकही राहिलं तर मनाला लागतं.

उत्तर ३ : गायकवृंदाला आत्ताच सांगा : आगमनकाळाच्या रविवारी ‘ग्लोरिया’ (देवाचं गौरवगीत) नाही, आलेलुया (शुभवर्तमानाआधीचा जयघोष) आहे. ८ डिसेंबरला, मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला, मात्र ग्लोरिया म्हणतात, तिथेच गोंधळ होतो.