क्लॅन विरुद्ध इनर स्फिअर: तोल शस्त्रांत साधावा की संख्येत?

यंत्रशाळा:
नमस्कार. आम्ही काही मित्र मिळून महाकाय यंत्रमानवांच्या लढाईचा एक छोटा ऑनलाइन खेळ तयार करत आहोत. त्यात दोन पक्ष आहेत. एकाची यंत्रे दणकट पण जुनाट, तर दुसऱ्याची हलकी, लांब पल्ल्याची आणि एकूणच सरस. चाचणीला आलेले बहुतेक जण सरस पक्षाकडेच धावतात, आणि सामना सुरू झाला की जो तो आपापले गुण वाढवण्यात गुंततो. मेकवॉरियर ऑनलाइन या अशाच खेळापुढे, त्यातल्या क्लॅन (सरस) आणि इनर स्फिअर (जुनाट) या पक्षांमुळे, हेच दोन प्रश्न होते, म्हणून तो मनापासून खेळलेल्यांचे मत हवे आहे. पक्षांमधला फरक पुसून टाकावा, की ठेवून त्याची भरपाई करावी?

शंभरटनी:
फरक पुसू नका. तो पुसलात तर दोन पक्ष ठेवण्याचे कारणच उरत नाही. मूळ बॅटलटेक या पटावरच्या खेळात क्लॅनची यंत्रे उघडउघड सरस आहेत, पण तिथे इनर स्फिअरची तुकडी म्हणजे ‘लान्स’ चार यंत्रांची, तर क्लॅनची तुकडी म्हणजे ‘स्टार’ पाच यंत्रांचा असतो (तीन लान्सविरुद्ध दोन स्टार म्हणजे बारा विरुद्ध दहा) आणि प्रत्येक यंत्राला ‘बॅटल व्हॅल्यू’, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, दिलेली असल्यामुळे कमी-जास्त संख्येच्या दोन फौजांची बेरीज जुळवता येते. २०१४ मध्ये क्लॅनची यंत्रे मेकवॉरियर ऑनलाइनमध्ये आली, तेव्हा सामने मात्र बारा विरुद्ध बाराच राहिले आणि सगळा भार यंत्रांच्या गुणधर्मांवर पडला. एकच उदाहरण देतो. इनर स्फिअरच्या यंत्रात एक्सएल इंजिन (वजनाला हलके, पण धडाच्या दोन्ही बाजूंत पसरलेले) असेल आणि धडाची एक बाजू उडाली, तर ते यंत्र तिथेच संपते. क्लॅनचे एक्सएल इंजिन असलेले यंत्र तसाच घाव सोसून, मंदावलेले आणि तापलेले का होईना, लढत राहते. भरपाई म्हणून इनर स्फिअरच्या एकेका प्रकाराला ‘क्वर्क’ म्हणून खास सवलती दिल्या गेल्या, आणि मग कोणता प्रकार डोईजड झाला याचे वाद सुरू झाले ते संपलेच नाहीत.

रात्रपाळी:
संख्येचा उपाय कागदावर देखणा आहे. परंतु दहा विरुद्ध बारा असा सामना जुळवायचा तर रांगेत दोन्ही पक्षांचे खेळाडू त्याच प्रमाणात हवेत, आणि छोट्या खेळाला ते मिळणे कठीण. मेकवॉरियर ऑनलाइनच्या ‘फॅक्शन प्ले’ या पक्षयुद्धाच्या प्रकारातली वजनाची मर्यादा मला अधिक व्यवहार्य वाटते. तिथे प्रत्येक खेळाडू चार यंत्रांचा ताफा घेऊन उतरतो, ताफ्याच्या एकूण टनांवर मर्यादा असते आणि ती दोन्ही पक्षांसाठी वेगवेगळी ठेवता येते. एक आकडा हलवला की काम झाले.

तरीही तिथला खरा असमतोल यंत्रांचा नव्हताच, असे माझे स्पष्ट मत आहे. एका बाजूला नेहमी एकत्र खेळणारे, सतत एकमेकांशी बोलणारे बारा जणांचे पथक आणि दुसऱ्या बाजूला एकेकटे आलेले बारा अनोळखी, असा सामना लागला की कोणाकडे कोणते इंजिन आहे याला काही अर्थ उरत नाही. असा तुडवला गेलेला नवखा पुन्हा फिरकत नाही, आणि कालांतराने पथकांनाही प्रतिस्पर्धी मिळेनासे होतात. आधी गटाचा आकार मर्यादित करा; पक्षांकडे नंतर बघा.

टेहळ्या:
सहकार्याबद्दल लिहितो. ज्याला खेळाडू ‘नॅसकार’ म्हणतात तो प्रकार पाहिला असेल: दोन्ही संघ एकमेकांची पाठ गाठण्यासाठी मैदानाच्या मध्याभोवती गोल धावत सुटतात, शंभर टनांचा ॲटलस मागे पडतो, दोन हलकी यंत्रे त्याच्या पाठीचे पातळ चिलखत फोडतात आणि संघाची सर्वांत मोठी तोफ धड वळायच्या आत बंद पडते. लान्ससोबत राहिल्याबद्दल, शत्रू हेरून दिल्याबद्दल तिथे मोबदला आहे. पण शत्रूचे नुकसान केल्याच्या मोबदल्यापुढे तो किरकोळ वाटतो, त्यामुळे थांबतो कोण? संथ यंत्रांची सुरुवातीची जागा लक्ष्याजवळ ठेवलीत, तर अर्धा प्रश्न सुटेल.

दुसरे म्हणजे, परोपकार उपकरणातच भरा. एएमएस ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा जवळच्या साथीदारावर येणारी क्षेपणास्त्रेही पाडते, आणि एलआरएम म्हणजे लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे डागणाऱ्याला टेकडीपलीकडचे लक्ष्य पुढे गेलेला साथीदारच दाखवू शकतो. यासाठी कोणाला सौजन्याचे धडे द्यावे लागत नाहीत.

यंत्रशाळा:
आभारी आहे. वजनाची मर्यादा वेगळी ठेवली, तरी सरस पक्षाकडचा ओढा कमी होईल का?

रात्रपाळी:
नाही होणार. त्यासाठी पक्षनिष्ठ आणि भाडोत्री असे दोन वर्ग ठेवा, ज्या पक्षाकडे माणसे कमी तिथे भाडोत्र्यांना जास्त मोबदला द्या आणि तो दर करार करण्यापूर्वीच पडद्यावर दिसू द्या. करार किमान आठवडाभराचा असावा, नाहीतर जिंकणाऱ्या बाजूकडे रोज उड्या पडतील.