मदत हवी आहे: एआयने काढलेलं छत, रोबोने कोरलेले साचे आणि 300 नग

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाचं सभागृह 12 बाय 9 मीटर, उंची 4 मीटर. टाळी वाजवली की आवाज घुमत राहतो. मोजला तर अडीच सेकंद भरला. मागे बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना व्याख्यानातलं निम्मं कळत नाही, म्हणून छताचं काम मी अंगावर घेतलंय.

वाळूवरच्या लाटांसारखी नक्षी एआयकडून काढून घेतली. चित्र फारच देखणं आलं. त्याचा डेप्थ मॅप (प्रत्येक बिंदूची खोली करड्या छटेत दाखवणारं चित्र) काढून ग्रासहॉपर या त्रिमितीय आकार घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभाग केला आणि चाकणच्या एका वर्कशॉपमधून रोबोने थर्माकोलमध्ये 60 बाय 60 सेंमीचा पहिला साचा कोरून घेतला. त्यावर तळहात फिरवला तर बारीक पायऱ्या लागल्या. डेप्थ मॅप 8 बिटचा होता, म्हणजे पातळ्या फक्त 256. 150 मिमी खोलीला एकेक पायरी जवळपास 0.6 मिमीची. 16 बिटमध्ये पुन्हा काढल्यावर ते सुटलं.

खरी अडचण पुढे आली. काथ्या घालून पीओपी ओतलं, ते साच्यातून निघेना. लाटांच्या बाजू जवळजवळ उभ्या, आणि पीओपी घट्ट होताना किंचित फुगतं. मिस्त्रींनी हलक्या हाताने ठोकून सोडवलं, तरी एक कोपरा तुटून आतच राहिला, काथ्याचे धागे लोंबत. ते म्हणाले, "साहेब, बाजूंना उतार द्या, नाहीतर दर नगाला साचा फोडावा लागेल."

उतार नंतर पृष्ठभागावर लादला तर लाटा बसक्या होतात, नक्षीच जाते. चित्र काढतानाच एआयला उताराची मर्यादा घालता येते का? कोणी केलंय?

दुसरं, नग 300 लागतील. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनी या संगीत सभागृहात सुमारे 10,000 जिप्सम-फायबर पॅनेल बसवलेत, प्रत्येकाचा आकार वेगळा, पण ते थेट मशीनने कोरलेले. आमच्याकडे पैसा 10-12 साच्यांपुरताच आहे, आणि ओतकाम आमच्या मिस्त्रींच्याच हातात राहावं असं मला मनापासून वाटतं. सारखे दिसणारे तुकडे एकत्र करून 12 गट पाडले, पण शेजारचे नग लावले की कडा जुळत नाहीत, लाट सांध्यावरच तुटते. चारही कडा आधी ठरवून फक्त मधला भाग एआयकडून भरून घ्यावा का?

शिवाय नक्षी आवाज विखुरते, शोषत नाही. घुमणं अडीचवरून 0.8 सेकंदावर आणायचं तर सॅबाइनच्या सूत्राने (खोलीचं आकारमान आणि शोषण यांवरून घुमण्याचा काळ काढतात ते) सुमारे 87 चौरस मीटर पूर्ण शोषणाऱ्या पृष्ठभागाइतकं शोषण हवं. व्यासपीठासमोरचा भाग कडक ठेवून मागच्या नगांना भोकं पाडून वर रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) टाकायचा विचार आहे. भोकं ओततानाच ठेवावीत की नंतर रोबोने पाडावीत? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया सांगा. दुसरा साचा मी तोवर थांबवून ठेवलाय.