मदत हवी आहे : फ्लूच्या साथीसाठी कुठल्या देशाची तयारी चांगली, हे मोजायचं कसं?

तिखटमीठ
प्रबंधात अडकलेय. दोन देशांची तुलना आहे. गाईड म्हणतात, आधी निकष पक्का कर. कुठला धरू? शुक्रवारी दाखवायचंय, पटापट सांगा.

आडदांड
कुठले देश? कुठली साथ? एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातलं एम.ए.सारखं) का?

रानभूल
ग्लोबल हेल्थ सिक्युरिटी इंडेक्स घे. १९५ देश, आयते गुण. विषय संपला.

काटेकोर
विषय संपला कसा? ऑक्टोबर २०१९च्या त्या यादीत अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरं. पुढच्या वर्षी दोघांची काय दैना झाली!

रानभूल
तो कोविड होता. इंडेक्स क्षमता मोजतो, राज्यकर्त्यांची अक्कल नाही.

काटेकोर
साथीत तीच तर लागते. त्यापेक्षा जेईई बरं (प्रवेश परीक्षा नव्हे, जागतिक आरोग्य संघटनेचं जॉइंट एक्स्टर्नल इव्हॅल्युएशन), बाहेरचे तज्ज्ञ येऊन देशाच्या तयारीला १ ते ५ गुण देतात. देशांनी स्वतःच भरलेल्या वार्षिक तक्त्यांवर मात्र जाऊ नका, तिथे सगळेच हुशार.

सदाफुली
२००९ला, स्वाईन फ्लूच्या वेळी, आम्ही पुण्यात. नायडू हॉस्पिटलबाहेर ही रांग, तोंडाला रुमाल, हातात कापूर-वेलचीची पुरचुंडी. टॅमिफ्लू, म्हणजे फ्लूवरचं औषध, सुरुवातीला फक्त सरकारी दवाखान्यात. शाळा बंद, पोरं घरात, डोक्याला ताप.

कोकणी_काजू
फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. विषाणू बदलत राहतो. साठीनंतर तर नक्कीच.

तिखटमीठ
लसीचं कुणी विचारलंय? आणि स्वाईन फ्लूच की, २००९चा, अजून कुठला! ब्रिटन आणि मेक्सिको.

काटेकोर
अहो, मग इंडेक्स आणि जेईई दोन्ही बाद! एक २०१९चा, दुसरं २०१६चं. त्यावरून २००९ कसं जोखणार? सरळ तारखा मांडा. कळलं कधी, ठरवलं कधी, औषध पोचलं कधी. मेक्सिकोतल्या रुग्णांचे नमुने कॅनडात विनिपेगच्या प्रयोगशाळेत गेले, २३ एप्रिलला नव्या विषाणूचं निदान झालं. लगेच मेक्सिको सिटीतल्या शाळा बंद, १ ते ५ मे देशभर बहुतेक कामकाज ठप्प. ब्रिटनने २ जुलैला साथ रोखायचा नाद सोडून उपचारांवर भर दिला. २३ जुलैला इंग्लंडमध्ये फोनवरून टॅमिफ्लू मिळायची सोय झाली, डॉक्टरकडे न जाता. ब्रिटनने ही साथ कशी हाताळली यावरचा २०१०चा डेम डीर्ड्री हाइन यांचा अहवाल वाचाच.

रानभूल
पण मेक्सिकोला फटका आधी बसला, ब्रिटनला आयती सूचना मिळाली. नुसते दिवस मोजलेत तर मेक्सिकोवर अन्याय होईल.

काटेकोर
हे मात्र बरोबर. दोघांचे दिवस वेगवेगळ्या तारखेपासून धरा. मेक्सिकोचे पहिल्या संशयित रुग्णांपासून, ब्रिटनचे विनिपेगच्या निदानापासून.

तिखटमीठ
हे चालेल बहुतेक. मेक्सिकोचे कागद स्पॅनिशमध्ये आहेत, कुणाला येते का?

आडदांड
शब्दमर्यादा किती? तेही सांगितलं नाहीये.

सदाफुली
काजू, मला अठ्ठावन्न पूर्ण, दमा आहे. आत्ताच घेऊ का लस?

कोकणी_काजू
दमा असेल तर साठीची वाट कशाला बघता? डॉक्टरांना विचारून घेऊन टाका, पावसाळ्याआधी.