बेळगाव भागात मांजराच्या ओरखड्याचा आजार: दुर्मीळ आहे की कोणी शोधतच नाही?

खानापूरची शिक्षिका
काल या गटावर एका सदस्यांनी ठामपणे लिहिले की मांजराच्या ओरखड्यातून गाठी येण्याचा आजार बेळगाव जिल्ह्यात नाहीच, तो परदेशी मांजरे पाळणाऱ्या शहरी लोकांचा आहे, आणि आपल्याकडे काखेत गाठ आली तर ती टीबीचीच धरावी. हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही. बार्टोनेला हेन्सेली हा जंतू मांजराची जात पाहत नाही. तो मांजराच्या रक्तात राहतो, पिसवांमार्फत एका मांजरातून दुसऱ्यात जातो, आणि पिसवांची विष्ठा नखांत अडकली की ओरखड्यावाटे माणसाच्या कातडीत शिरतो. आमच्या तालुक्यात भाताची पोती असलेल्या घरोघरी उंदरांसाठी मांजर असते, आणि पिसवांना आमच्यासारखे दमट हवामान चांगलेच मानवते. मग हा आजार नेमकी आपलीच वेस चुकवून कसा जातो?

माझ्या भाच्याला माळ्यावरच्या पिल्लाने मनगटावर ओरबाडले होते. तिथे लालसर पुटकुळी उठली आणि ती सुकत असतानाच काखेत लिंबाएवढी गाठ आली. सुई घालून तपासणी झाली, अहवालात ग्रॅन्युलोमा (जुनाट दाहाने जमलेला पेशींचा पुंजका) आला, टीबीचे जंतू दिसले नाहीत, तरीही सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी त्याचे जेवण तुटले, लघवी तांबडी होऊ लागल्याने पोर घाबरून गेले, आणि या साऱ्या काळात घरात मांजर आहे का, एवढे कोणी विचारले नाही.

शहापूरचे डॉक्टर
बाई, तुमची कळकळ समजते, पण तुमचा निष्कर्ष धोकादायक आहे. गाठीच्या टीबीत जंतू मुळात कमी असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर ते न दिसणे म्हणजे टीबी नसणे नव्हे. मांजराच्या ओरखड्याची गाठ बहुतेक निरोगी मुलांत दोन ते चार महिन्यांत आपोआप बसते. टीबी तसा बसत नाही. एक निदान चुकले तर मुलाला काही महिने त्रास होतो, दुसरे चुकले तर जीवावर बेतते. भाच्याची गाठ गोळ्यांनी बसली की आपोआप, हे आता कोणीच सांगू शकणार नाही, म्हणून त्या एका मुलावरून जिल्ह्याचा हिशेब मांडू नये. शिवाय मांजराने ओरबाडल्यावर पहिली काळजी रेबीजची असते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गाठीचा विचार त्यानंतरचा आहे.

निपाणीचा वाचक
डॉक्टरसाहेब, हिशेब मांडायचाच झाला तर आकडे आहेत. अमेरिकेत 2005 ते 2013 या काळातील विम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 65 वर्षांखालील लोकांत वर्षाला लाखामागे सुमारे 4.5 बाह्यरुग्ण सापडले, आणि 5 ते 9 वर्षांच्या मुलांत 9.4. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 47,79,661 होती. तोच दर इथे लावला तर वर्षाला 215 च्या आसपास रुग्ण असायला हवेत. ते कुठे जातात?

टिळकवाडीचे निवृत्त लॅब तंत्रज्ञ
हा गुणाकार आहे, पुरावा नव्हे. तिकडची मांजरे माणसांच्या अंथरुणात झोपतात, आपली बरीचशी गोठ्यात आणि माळ्यावर राहतात. एका ठिकाणचा दर उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. रक्तातील प्रतिपिंडे (जंतूशी लढायला शरीर बनवते ती प्रथिने) तपासूनही प्रश्न सुटत नाही. ती पूर्वी कधीतरी झालेल्या संसर्गाचीही असू शकतात, आणि क्यू फीव्हरचा जंतू, जो गाई-शेळ्यांपासून येतो, त्याच्या प्रतिपिंडांशी त्यांची गल्लत होते. जनावरांच्या या जिल्ह्यात ही गल्लत किती होईल, याचा विचार न करता आकडे फेकणे मला पटत नाही.

येळ्ळूरकर
तुम्ही सगळे मूळ मुद्दा सोडून बोलत आहात. या जिल्ह्याचा आकडा लागणारच नाही, कारण निपाणी-चिक्कोडीचा रुग्ण कोल्हापूरला किंवा मिरजेला जातो, चंदगडचा बेळगावला येतो, आणि कागद ज्याच्या त्याच्या पिशवीत राहतो. महाराष्ट्राने कर्नाटकातल्या, पण आपला दावा असलेल्या 865 सीमावर्ती गावांना महात्मा फुले ही मोफत उपचारांची योजना लागू केली, तेव्हापासून सीमेपलीकडे जाण्याला आणखी एक कारण मिळाले. त्यातच दवाखान्यातली सूचना आणि फॉर्म फक्त कन्नडमध्ये असतात. माझ्या आईला जंतांचे औषध आणि दुसऱ्या कशाचे तरी औषध यांतला फरक चिठ्ठीवरून कळला नव्हता. जिला चिठ्ठी वाचता येत नाही, ती ओरखड्याचा इतिहास काय सांगणार?

शहापूरचे डॉक्टर
भाषेचा वाद इथे आणू नका. मी रोज मराठीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत बोलतो. माझ्यासमोर बसलेल्या कोणत्याही आईला भाषेमुळे अडल्याचे मला आठवत नाही.

येळ्ळूरकर
तुम्हाला आठवत नाही, कारण अडलेली आई तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. 1956 साली बेळगाव आजच्या कर्नाटकात गेले, तेव्हापासून आम्ही हेच ऐकत आलो आहोत की भाषेचा आणि आरोग्याचा संबंध नाही. ज्याच्या आईने चुकीची गोळी घेतली त्याला हे सांगू नका. तुमचे बोलणे मला अपमानास्पद वाटले, हे स्पष्ट लिहितो.

चिक्कोडीचे पशुवैद्यक
वाद जरा बाजूला ठेवून मांजराकडे पाहावे. जंतू बाळगणारे मांजर बहुधा ठणठणीत दिसते आणि त्याच्या रक्तात जंतू महिनोन् महिने राहू शकतो. पिल्लांत हे प्रमाण जास्त असते आणि ओरबाडतातही तीच. माझ्याकडे गाई-म्हशी येतात, मांजर क्वचितच, आणि आलेल्या मांजराचे रक्त या जंतूसाठी आम्हीही तपासत नाही. पिसवांसाठी लोक कुत्र्यांचे परमेथ्रिन मांजराला लावतात. ते मांजराला विषारी आहे, कृपा करून लावू नये.

खानापूरची शिक्षिका
पशुवैद्यकांनी नेमके सांगितले. 1957 साली क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, म्हणून माकडतापाचा शोध लागला. मांजर मरत नाही, म्हणून कोणाची झोप उडत नाही. गावात तर काखेत किंवा जांघेत गाठ आली की अवधाण आले म्हणतात, शेक देतात आणि वाट पाहतात. ती माणसे दवाखान्याच्या कोणत्याच वहीत येत नाहीत. डॉक्टरांना दिसतात ती न बसलेल्या गाठींची मुले, आणि त्यांच्यात टीबीच जास्त भरणार. त्यावरून हा आजार इथे नाही, असे म्हणता येत नाही.

शहापूरचे डॉक्टर
हा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागेल, जरी मनापासून आनंदाने करत नाही. मी पाहतो ते रुग्ण गाळून आलेले असतात. पण बाईंनीही मान्य करावे की ‘नाही म्हणता येत नाही’ आणि ‘पुष्कळ आहे’ यांत मोठे अंतर आहे, आणि भाच्याच्या गोष्टीने ते भरून निघत नाही. यापुढे गाठीच्या प्रत्येक मुलाला मांजराबद्दल विचारीन. टीबीची तपासणी आधीच होईल, सीबीनॅट या टीबीच्या जंतूची जनुके शोधणाऱ्या चाचणीसह, आणि त्यात मी तडजोड करणार नाही. येळ्ळूरकरांसाठी एवढेच की तो प्रश्न केसपेपरवर मराठीतही छापून घेईन.

येळ्ळूरकर
छापून झाल्यावर इथे फोटो टाका, तोपर्यंत मी आभार मानणार नाही.

टिळकवाडीचे निवृत्त लॅब तंत्रज्ञ
डॉक्टर, विचारणारच असाल तर रक्त पहिल्याच भेटीत काढून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घ्या. दोन्ही नमुने एकत्र तपासून प्रतिपिंडे चौपट चढलेली दिसली, तर अलीकडच्या संसर्गाबद्दल काही बोलता येईल. एकट्या नमुन्यावर मी सही केली नसती.