अनुभव धागा : टॅपरूमला कोणाला घेऊन गेलात?

टॅपरूम म्हणजे बियर जिथे बनते तिथेच बसून प्यायची जागा. २००९ मध्ये कोरिंथियन्स क्लबमध्ये डूलाली ही टॅपरूम सुरू झाली तेव्हा पुण्यात ताजी बियर तिथल्या तिथे बनवून देतात म्हणलं की लोक विचारायचे, म्हणजे हातभट्टी का? आता मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर-बालेवाडी, कुठेही जा, काचेमागे स्टीलच्या टाक्या उभ्या. परवा एका बियर गार्डनमध्ये शेजारच्या टेबलावर चक्क तीन पिढ्या बसलेल्या, आजी ताजं लिंबू सरबत पितायत, नातू फ्राइज खातोय, मधले दोघं आपापला ग्लास घेऊन निवांत. म्हणून धागा काढला. मित्रांबरोबर तर सगळेच जातात, पण घरचे, सासरचे, शेजारचे, अशा कोणाला नेलंत का, आणि काय झालं ते लिहा. पिऊन गोंधळ घातल्याचे किस्से इथे नकोत, त्याला दुसरे धागे आहेत.

पिंपरीकर
बाबांना नेलं होतं. बाबा एचए कंपनीतून रिटायर झालेले, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, सगळी नोकरी पेनिसिलिनच्या फर्मेंटरपाशी गेली. स्वतः घेत नाहीत. मुंढव्यात एका ठिकाणी बसलो, मी मेनू बघेपर्यंत हे उठून काचेला नाक लावून उभे! आतून एक पोरगा बाहेर आला, तो तिथला ब्रूअर निघाला, म्हणाला काका काही हवंय का. झालं. पुढचा बराच वेळ मी एकटा शेंगदाणे मसाला खात बसलो आणि ते दोघं टाकीचं तापमान, टाकीभोवतीच्या आवरणातलं (जॅकेट) थंड पाणी, साफसफाई कशी करता, बॅचला बाहेरचे जंतू लागले तर काय करता, यावर तावातावाने बोलतायत. बाबा म्हणाले आमच्याकडे बुरशीला सतत निर्जंतुक हवा द्यावी लागायची, तो म्हणाला इथे उलटं, यीस्टला सुरुवातीला थोडा ऑक्सिजन पुरतो, नंतर हवा लागली तर बियर खराब. बाबांना हे भलतंच आवडलं. मग त्याने हेफेवाइझन या गव्हाच्या बियरचा वास घ्यायला दिला, केळ्याचा वास येतो, बाबांनी विचारलं इसेन्स घालता का, तर तो हसला, म्हणाला केळंबिळं काही नाही, ते यीस्टच करतं, तापमान थोडं वर ठेवलं की वास वाढतो. बाबा लगेच "एस्टर!" (फळांसारखा वास देणारं रसायन) असं इतक्या जोरात म्हणाले की दोन टेबलांनी वळून बघितलं. शेवटी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण घरी येऊन आईला सगळी प्रोसेस सांगितली. उरलेला धान्याचा चोथा गुरांना जातो हेसुद्धा.

सहकारनगरची
आमची भिशी! बिल्डिंगमधल्या आम्ही चौघी, दरवेळी तेच थालीपीठ आणि कॉफी, म्हणून एकदा भर दुपारी टॅपरूमला गेलो. वेटरने न विचारता मॉकटेलचं पान उघडून समोर ठेवलं, त्याला म्हणलं बाळा ते राहू दे, सँपलर आण. छोट्या छोट्या ग्लासांचा ट्रे येतो, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तेच घ्यावं, आणि मोठा ग्लास मागवायच्या आधी चव मागायला लाजू नये, बहुतेक ठिकाणी देतात. विटबियर या गव्हाच्या बियरमध्ये धने आणि संत्र्याची साल असते म्हणल्यावर एक जण म्हणाली मग आमटीत आणि ह्यात फरक काय राहिला, पण तिनेच ती संपवली. आयपीए नावाची बियर मात्र कारल्याचा रस, हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं) भरपूर म्हणून कडू, आम्हाला नाही झेपली. आणि सगळ्यांचा गैरसमज होता की काळी म्हणजे कडक. तसं नसतं हो, स्टाउट या काळ्या बियरचा रंग भाजलेल्या धान्याचा असतो, किती चढेल ते बोर्डावरच्या अल्कोहोलच्या टक्क्यांवरून बघायचं. तिथे स्टाउटचाच आकडा गव्हाच्या बियरपेक्षा कमी होता.

बावधनवाला
कामानिमित्त म्युनिकला राहिलोय त्यामुळे मला इथली "बियर गार्डन" बघून थोडं हसू येतं, चिडू नका. तिकडे १५३९ च्या हुकुमाने उन्हाळ्यात, म्हणजे २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर, बियर बनवायलाच बंदी होती, म्हणून आधीच बनवून तळघरात साठवायचे आणि तळघर थंड रहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायचे. त्या सावलीत लोक बसायला लागले, खानावळवाल्यांनी तक्रार केली, मग १८१२ मध्ये राजाने निवाडा दिला, बियर विका पण जेवण नाही. तेव्हापासून लोक घरचा डबा घेऊन येतात, आजही, अगदी टेबलक्लॉथ अंथरून. इथे दारातच पाटी, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. सासऱ्यांना हे सगळं सांगत नेलं तर ते म्हणाले मग पुण्यातच बरंय, डबा तर रोजचाच आहे. झाडाखाली बसायला मिळालं ते मात्र त्यांना आवडलं. संध्याकाळी सातनंतर डीजे सुरू झाला आणि बोलणंच संपलं, ओरडून ऑर्डर द्यायची, आणि बिल बघून घसा बसतो ते वेगळंच. जागेचं नाव लिहीत नाही.

न पिणारा
मी प्रत्येक ग्रूपचा ड्रायव्हर. जिंजर एल पितो आणि सगळ्यांचा चखणा खातो. पिऊन गाडी चालवण्याबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही. वीकेंडला नाकाबंदी असतेच. "मी तर फक्त बियर" हे हवालदारसाहेबांना सांगून बघा.

औंधकर
बहिणीला गहू आणि जव दोन्ही चालत नाही, तिला बियर बादच. तिला मीड मिळाली, मध आणि पाणी आंबवून करतात. मूनशाइन मीडरी पुण्याचीच आहे. पण मीडमध्ये कधीकधी माल्टही (मोड आणलेलं धान्य, बहुधा जव) घालतात तेव्हा विचारूनच घ्या.

सहकारनगरची
@औंधकर, हे भारी, पुढच्या भिशीला.

सदाशिव पेठी
ग्राउलर (ताजी बियर घरी न्यायची मोठी बाटली) भरून घरी आणलेला बरा असं माझं मत. ग्लासात पैसे घालवा, गाणी ऐका, पार्किंग शोधा, कशाला? सरळ फ्रीजमध्ये ठेवायचा आणि एकदा उघडला की त्याच दिवशी संपवायचा, गॅस गेला की उरतं ते फक्त कडू पाणी. आईवडिलांना विचारलं येता का, म्हणाले "तिथे चहा मिळतो का?" मिळत नाही. विषय संपला.

पिंपरीकर
कट्टा करूया का? २ ऑक्टोबरला सगळ्यांना सुट्टी आहे. बाबा पण यायचं म्हणतायत.

न पिणारा
अहो गांधी जयंती! ड्राय डे असतो.

पिंपरीकर
बरं मग त्यानंतरचा रविवार. दुपारी, डीजेच्या आधी.